फेनभूमीतील नित्य जीवन आणि विरंगुळा

केंब्रिजहून उत्तरेकडे जाणाऱ्या आगगाडीत बसले की थोड्याच वेळात चढउतार संपतात. झाडी विरळ होते, कुंपणे नाहीशी होतात आणि दोन्ही बाजूंना काळ्या मातीची, पट्टीने आखल्यासारखी सरळ शेते क्षितिजापर्यंत पसरलेली दिसतात. मग दूरवर एका लहानशा उंचवट्यावर एक प्रचंड दगडी इमारत दिसू लागते. ती म्हणजे ईली येथील कॅथीड्रल. सभोवतालच्या सपाटीवर ती नांगर टाकून उभ्या असलेल्या गलबतासारखी भासते, म्हणून तेथील लोक तिला ‘फेनचे जहाज’ म्हणतात. ही उपमा केवळ कवींची नाही. साडेतीनशे-चारशे वर्षांपूर्वीपर्यंत हिवाळ्यात ईलीच्या सभोवती खरोखरच पाणी असे आणि ईली हे बेट होते. त्या गावाचे नावही ‘ईल’ म्हणजे वाम माशावरून पडले, असे आठव्या शतकातील बीड या इतिहासकाराने नमूद करून ठेवले आहे.

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ‘द वॉश’ नावाचा एक उथळ उपसागर आहे. विदम, वेलंड, नीन आणि ग्रेट ऊझ या चार नद्या त्याला मिळतात. या नद्यांच्या मुखांमागे लिंकनशायर, केंब्रिजशायर व नॉरफोक या परगण्यांत पसरलेला सुमारे दीड हजार चौरस मैलांचा सखल प्रदेश म्हणजे फेन. त्याचे दोन भाग पडतात. समुद्रालगतचा भाग नद्यांनी व भरतीने आणून टाकलेल्या गाळाचा आहे. आतला भाग पीटचा आहे. पीट म्हणजे पाण्याखाली अर्धवट कुजून हजारो वर्षे साचत गेलेल्या वनस्पतींची काळी, सच्छिद्र, स्पंजासारखी माती. ती वाळवली तर जळते आणि नांगरली तर भरघोस पीक देते. मात्र कोरडी पडली की ती खचते. या तिसऱ्या गुणाने फेनमधील माणसाचे सारे जीवन घडवले आहे. समुद्रसपाटीखालची शेती म्हटली की आपल्याकडील वाचकाला केरळातील कुट्टनाड आठवेल. तेथील शेतकऱ्याला बांध आणि उपसा यांचे महत्त्व सांगावे लागत नाही, तसेच फेनमधील शेतकऱ्यालाही सांगावे लागत नाही.

पाणी हटवण्यापूर्वीचे फेनवासी कसे जगत होते याची वर्णने बहुधा बाहेरच्यांनी लिहिलेली आहेत. त्यांत हे लोक रानटी, आळशी, दलदलीत लोळणारे असे रंगवलेले असतात. त्यांच्या पायाची बोटे बदकासारखी कातडीने जोडलेली असतात, अशी थट्टाही रूढ होती. ही वर्णने सावधपणेच वाचली पाहिजेत, कारण ती लिहिणाऱ्यांपैकी पुष्कळांना ती दलदल कोरडी करून तिच्या मालकीत वाटा हवा होता. वास्तविक फेनवासीयांचा दिनक्रम कष्टाचा व कसबाचा होता. विलोच्या, म्हणजे आपल्या वाळुंजाच्या जातीच्या झाडाच्या, फोकांचे लांबट सापळे विणून ते वाम पकडत. सपाट दात्यांचा भाला चिखलात खुपसूनही वाम काढले जात. मध्ययुगात मठांचा खंड अनेक गावे पैशाने न भरता वामांच्या संख्येने भरत. याखेरीज चपट्या तळाच्या होडीतून रानबदकांची शिकार होत असे, घरे शाकारण्यासाठी बोरू आणि लव्हाळा कापला जाई, आणि पीटच्या विटा कापून, गोवऱ्यांसारख्या रचून वाळवून इंधन केले जाई. उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर आलेली कुरणे गावाचे सामाईक गायरान बनत. ज्याच्या नावावर वीतभर जमीन नव्हती त्यालाही पाण्यातून मासा, बदक, जळण आणि गाईसाठी चारा मिळे.

सतराव्या शतकात हे सारे पालटले. बेडफर्डचा चौथा अर्ल फ्रान्सिस रसेल आणि त्याच्याबरोबर भांडवल गुंतवणारे तेरा जण यांनी फेनच्या दक्षिण भागातील पाणी काढण्याचा करार 1630 च्या सुमारास केला. मोबदला म्हणून त्यांना 95,000 एकर जमीन मिळायची होती. कॉर्नेलियस व्हर्मायडन या डच स्थापत्यज्ञाने इअरिथपासून डेन्व्हरपर्यंत एकवीस मैलांचा सरळ कालवा खोदून ग्रेट ऊझ नदीचे वळणावळणाचे पाणी समुद्राकडे जवळच्या वाटेने वळवले. हा कालवा 1637 मध्ये पूर्ण झाला. यादवी युद्धामुळे काही वर्षे काम थांबले. नंतर 1651 मध्ये त्याला समांतर असा शंभर फूट रुंदीचा दुसरा कालवा खोदण्यात आला. त्यासाठी राबलेल्यांत डनबारच्या लढाईत पकडलेले स्कॉटिश कैदी होते, हे त्या कालव्याच्या काठाने फिरणाऱ्या आजच्या प्रवाशाला सहसा ठाऊक नसते. दोन कालव्यांच्या मधली लांबट पट्टी मुद्दाम मोकळी ठेवण्यात आली. पूर आला की तिच्यात पाणी साठावे आणि समुद्राला ओहोटी लागली की ते सावकाश सोडावे, अशी योजना होती. या पट्टीला ‘वॉशेस’ म्हणतात. पुढील विवेचनात तिचा उल्लेख पुन्हा येणार आहे, कारण फेनमधील करमणुकीचा सर्वांत रंगतदार अध्याय याच पट्टीवर घडला.

गायराने गेली, मासे गेले, म्हणून फेनवासीयांनी विरोध केला. बांध फोडले गेले, चर बुजवले गेले. या बंडखोरांना पुढे ‘फेनचे वाघ’ असे नाव पडले आणि आज ते नाव तेथील माणूस अभिमानाने मिरवतो. विरोध मोडला, पण भांडवलदारांनाही निर्वेध सुख लाभले नाही. पाणी काढताच पीट वाळू लागले, आकसू लागले आणि जमीन खाली जाऊ लागली. नद्यांचे तळ मात्र गाळाचे असल्यामुळे ते जागच्या जागी राहिले. शेवटी नदी वर आणि शेत खाली अशी विपरीत स्थिती निर्माण झाली. आजही फेनमध्ये शेतातून जाताना होडी पाहायची तर मान वर करावी लागते. शेतातले पाणी नदीत वर चढवण्यासाठी पवनचक्क्या आल्या. जमीन आणखी खचली तेव्हा त्या अपुऱ्या पडल्या आणि एकोणिसाव्या शतकात वाफेची यंत्रे आली. स्ट्रेटम येथील 1831 सालचे असे एक यंत्र आजही जतन केलेले आहे. वाफेनंतर डिझेल आणि डिझेलनंतर वीज आली. सेंट जर्मन्स येथे 2010-11 मध्ये सुरू झालेले उपसा केंद्र दर सेकंदाला शंभर घनमीटर पाणी उचलू शकते.

जमीन किती खचली याची मोजणी होम फेन येथे एका लोखंडी खांबाने करून ठेवली आहे. त्या भागात व्हिटल्सी मिअर नावाचे सखल इंग्लंडातील एक फार मोठे सरोवर होते. उन्हाळ्यात तेथे नौकांच्या शर्यती होत, हिवाळ्यात ते गोठले म्हणजे आसपासची गावे त्यावर लोटत. 1851 साली लंडनच्या महाप्रदर्शनात मांडलेल्या नव्या धर्तीच्या केंद्रोत्सारी पंपाने ते उपसून काढण्यात आले. लगेच जवळच्या पीटमध्ये एक खांब त्याचे टोक जमिनीशी समपातळीत राहील असा पुरण्यात आला. आज त्या खांबाचा सुमारे चार मीटर भाग जमिनीच्या वर उघडा आहे. खांब जागचा हललेला नाही. ब्रिटनमधील सर्वांत खोलगट जमीन, समुद्रसपाटीखाली पावणेतीन मीटर, ती हीच.

अशा भूमीवर रोजचे जगणे कसे असते? येथे रस्ते सरळ असतात, पण सपाट नसतात. खालचे पीट कमीजास्त खचल्याने ते लाटांसारखे वरखाली होतात आणि रस्त्याकडेला खोल चर असतो. पीटवर बांधलेली जुनी घरे एका अंगाला कलतात आणि कित्येक घरांच्या दाराशी पायऱ्या वाढवाव्या लागतात, कारण अंगण खाली गेलेले असते. आपल्याकडे घरपट्टी असते तशी तेथे निचरापट्टी असते. ती गोळा करणाऱ्या स्थानिक निचरा मंडळांचा कारभार गावकऱ्यांच्या दृष्टीने फार महत्त्वाचा असतो, कारण पंप एक आठवडा बंद राहिला तर काय होईल हे तेथील लहान मूलही जाणते. वसंत ऋतूत, पीक उगवण्याच्या सुमारास, कोरडे वारे सुटले तर काळी माती बियाण्यासकट उडून जाते. हवा काळवंडते, चर भरून जातात आणि गृहिणीने वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवावे लागतात. या वादळाला ‘फेन ब्लो’ म्हणतात. नांगराच्या फाळाला मधूनच काळी कठीण खोडे लागतात. हे पीटमध्ये हजारो वर्षे दबून राहिलेले ओक वृक्ष होत. 2012 साली असे एक पाच हजार वर्षांपूर्वीचे, तेरा मीटरांहून लांब खोड सापडले. त्याच्या फळ्यांचे एक विशाल मेज बनवून ते 2022 मध्ये ईलीच्या कॅथीड्रलमध्ये ठेवण्यात आले.

या मातीत गहू, बटाटे, साखरेचे बीट, गाजर, सेलरी अशी पिके निघतात, आणि गाळाच्या भागात विझबीचभोवती सफरचंदाच्या व स्ट्रॉबेरीच्या बागा, तर स्पॉल्डिंगभोवती फुलांची शेती आहे. इंग्लंडातील पहिल्या प्रतीच्या शेतजमिनीपैकी जवळजवळ निम्मी फेनमध्ये आहे. परंतु उत्तम जमीन आणि सुखी शेतमजूर यांची जोडी नेहमीच जमते असे नाही. एकोणिसाव्या शतकात मोठ्या शेतांवर स्त्रियांच्या व मुलांच्या टोळ्या निंदणीला व दगड वेचायला नेल्या जात. टोळीवर मुकादम असे आणि मजुरी त्याच्या हातून मिळे. मुले पहाटे मैलोगणती चालत कामावर जात. हा प्रकार इतका बोकाळला की 1867 साली पार्लमेंटला टोळ्यांविषयी स्वतंत्र कायदा करून आठ वर्षांखालील मुलांना कामाला लावण्यास बंदी घालावी लागली. मुकादमाने परवाना घेतला पाहिजे, असेही त्या कायद्याने ठरवले. मराठी वाचकाला मुकादम आणि टोळी हे शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. विशेष हे की, 2004 साली ब्रिटनला मुकादमांच्या परवान्यासंबंधी पुन्हा एक कायदा करावा लागला. तोपर्यंत टोळीतील माणसे बदलली होती. त्यांत पोर्तुगाल, लिथुएनिया, पोलंड इत्यादी देशांतून आलेली माणसे होती. विझबीचच्या बाजारपेठेत आता पूर्व युरोपातील वाणसामानाची दुकाने दिसतात. जुन्या आणि नव्या रहिवाशांमधील तणाव लपून राहिलेला नाही. युरोपीय संघातून बाहेर पडावे की नाही याविषयी 2016 साली झालेल्या सार्वमतात फेनलँड जिल्ह्यातील शंभरापैकी एकाहत्तरांहून अधिक मतदारांनी बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला.

जुन्या काळी या कष्टांत आणखी एक भर होती, ती हिवतापाची. दलदलीतील डासांमुळे थंडी वाजून येणारा ताप घरोघरी असे. त्यावरील घरगुती उपाय म्हणजे परसात लावलेल्या खसखशीच्या बोंडांचा काढा. पुढे दुकानांतून अफूच्या गोळ्या उघडपणे मिळू लागल्या. शनिवारी बाजाराला आलेली बाई चहासाखरेबरोबर अफूही घेऊन जाई. 1868 च्या औषधविक्री कायद्याने त्यावर पहिले निर्बंध आले. ज्या काळात हिंदुस्थानातील अफू चीनमध्ये खपवली जात होती, त्याच काळात इंग्लंडच्या एका कोपऱ्यात शेतमजूर अफूच्या आधाराने दिवस काढत होते. ही अफू मात्र मुख्यतः तुर्कस्तानातून येई. अफू हा फेनमधील विरंगुळा होता की औषध होते, हा भेद त्या मजुरालाही सांगता आला नसता.

आता खऱ्या विरंगुळ्याकडे वळू. फेनमधील माणसाला फुरसत केव्हा मिळे? त्याला ती बहुधा मागून मिळत नसे, ऋतू ती त्याच्यावर लादत असे. कडाक्याची थंडी पडली की जमीन दगडासारखी होई. नांगर चालत नसे, चर खोदता येत नसे, कालवे गोठल्याने माल वाहणारे पडावही अडकून पडत. शेतमजुराला कामावरून घरी पाठवले जाई आणि त्याची मजुरी बंद होई. याच वेळी वॉशेसवर पसरलेले पुराचे उथळ पाणी गोठून मैलोगणती लांबीची काचेसारखी गुळगुळीत पट्टी तयार होई. खाली गुडघाभर पाणी आणि त्याखाली गवत असल्यामुळे बर्फ फुटला तरी माणूस बुडण्याची भीती फारशी नसे. मजूर घराच्या तुळईला टांगलेले स्केट काढत आणि बर्फावर उतरत. फेन प्रदेशातील स्केटिंगच्या शर्यती या बेकारीतून जन्माला आल्या.

फेनचे स्केट ‘रनर’ या नावाने ओळखले जात. बीच लाकडाचा पायाच्या आकाराचा ठोकळा, त्याखाली पुढे वर वळवलेले पोलादी पाते, टाचेत घुसणारा स्क्रू आणि वरून आवळायचे चामडी पट्टे, एवढाच त्याचा थाट असे. गावचा लोहार पाते घडवी. शर्यतीची पद्धतही साधी होती. बर्फावर सुमारे 660 यार्डांच्या अंतरावर दोन टोकांना पिंपे ठेवत. दोन स्पर्धक शेजारशेजारच्या मार्गांवरून धावत आणि आपापल्या पिंपाला वळसा घालून परत येत. तीन वळसे झाले की सुमारे दीड मैल पूर्ण होई. सोळा किंवा बत्तीस जण नाव देत, हरलेला बाद होई आणि शेवटी उरलेल्या दोघांत निकाल लागे. बक्षीस कोणते असे? पैशांची थैली असेच, परंतु कित्येक लहान शर्यतींत पाव, पिठाचे पोते, डुकराच्या किंवा बोकडाच्या मांसाचा तुकडा अशी बक्षिसे लावत. आसपासचे जमीनदार व दुकानदार त्यासाठी वर्गणी देत. आठवडाभर चूल धड न पेटलेल्या घरात त्या दिवशी जिंकणाऱ्याच्या हातून मांस जाई. काठावर हजारोंनी जमलेली माणसे आरडाओरडा करत होती, पैजा लावत होती, गरम पेये विकत घेत होती. धावणाऱ्याच्या मनात मात्र दुसराच हिशेब चाललेला असे.

या शर्यतींतील सर्वांत गाजलेले घराणे वेल्नी गावच्या स्मार्टांचे होय. विल्यम स्मार्ट ऊर्फ ‘टर्की’ हा 1850 नंतरच्या दशकात अजिंक्य होता. त्याचा पुतण्या जॉर्ज ऊर्फ ‘फिश’ याने 1878 पासून दहा-अकरा वर्षे आपले पद टिकवले. दोघेही शेतमजूर होते. उन्हाळ्यात विळा आणि कुदळ, हिवाळ्यात कीर्ती, असे त्यांचे वर्ष विभागलेले असे. शर्यतींचा बोलबाला वाढला तशी नियमांची गरज भासू लागली आणि 1 फेब्रुवारी 1879 रोजी केंब्रिजच्या गिल्डहॉलमध्ये राष्ट्रीय स्केटिंग संघटना स्थापन झाली. तिने भरवलेली पहिली मोठी शर्यत त्याच वर्षी डिसेंबरात थॉर्नी येथे झाली व ती ‘फिश’ स्मार्टने जिंकली. संघटनेने हौशी आणि धंदेवाईक असा भेदही आणला. पावासाठी धावणारा धंदेवाईक ठरला आणि केवळ मौजेसाठी धावू शकणारा हौशी. खेळाच्या दृष्टीने हे वर्गीकरण सोयीचे असेलही, परंतु त्यातला सामाजिक पंक्तिभेद नजरेआड करता येत नाही.

बर्फावरचा आणखी एक खेळ येथूनच जगात गेला. वाकड्या काठ्यांनी चेंडू ढकलत खेळायच्या या खेळाचे नाव बँडी. ब्लंटिशॅम व इअरिथ यांच्यामधील बरी फेन या कुरणावर तो पिढ्यान्‌पिढ्या खेळला जात असे. काठ्या जवळच्याच विलोच्या झाडावरून तोडलेल्या असत. त्या गावच्या चार्ल्स टेबट याने 1882 मध्ये खेळाचे नियम लिहून काढले आणि पुढे हॉलंड, स्वीडन इत्यादी देशांत त्याचा प्रसार केला. आज रशिया आणि स्वीडन या देशांत बँडीला प्रचंड लोकप्रियता आहे. ज्या कुरणावर तो वाढला तेथे मात्र तो आता आठवणीपुरता उरला आहे.

हिवाळ्यातील रिकाम्या पोटाशी आणखी एका उत्सवाचा संबंध आहे. नाताळाचे बारा दिवस सरल्यानंतरचा पहिला सोमवार हा ‘नांगर-सोमवार’ होय. या दिवशी शेतगडी चेहऱ्याला काजळी फासून, एखाद्याला स्त्रीवेष देऊन, नांगर ओढत दारोदार नाचत आणि पैसे, दारू, खाद्यपदार्थ मागत. व्हिटल्सी येथे दुसऱ्या दिवशी एका माणसाला नखशिखान्त पेंढ्याने मढवून त्याचे ‘अस्वल’ बनवत आणि दोरीला धरून घरोघरी नाचवत. 1909 साली एका पोलीस अधिकाऱ्याने ही भीक मागण्याची रीत म्हणून ती बंद पाडली. 1980 मध्ये गावातील इतिहासप्रेमी मंडळींनी ती पुन्हा सुरू केली. पहिल्या अस्वलाला भाकरीची ओढ होती, दुसऱ्याला परंपरेची आहे. पण पेंढा अंगावर बांधताना होणारी खाज दोघांनाही सारखीच.

बर्फ दर वर्षी पडेलच असे नसते, चर मात्र बाराही महिने असतात. त्यामुळे गळाने मासे धरणे हा फेनमधील सर्वांत टिकाऊ विरंगुळा ठरला आहे. रविवारी सकाळी चराच्या काठाने ठरावीक अंतरावर छत्र्या रोवून, स्टुलावर मुकाट्याने बसलेली माणसे दिसतात. एकेकाळी मध्य इंग्लंडातील कारखान्यांच्या शहरांतून गळवाल्यांच्या खास गाड्या येथे येत. कोळशाच्या धुरात सहा दिवस घालवलेल्या कामगारांना या मोकळ्या आकाशाखाली बसण्याचे अप्रूप वाटे. मासा पकडला की तोलून पुन्हा पाण्यात सोडतात. मासा पकडून तो न खाणे ही कल्पना कोकणातील वाचकाच्या पचनी पडणे कठीण आहे. 1963 साली येथील एका कालव्यात झँडर नावाचे युरोपातील हिंस्र मासे सोडण्यात आले. ते बघता बघता सर्वत्र पसरले. ते सोडायला नको होते, असे म्हणणाऱ्यांचे आणि ते पकडण्यात रमणाऱ्यांचे वाद पबमध्ये अजून चालतात. ज्या वामांवरून ईलीला नाव मिळाले ते वाम मात्र आता नष्ट होण्याच्या मार्गावर आहेत आणि विलोचे सापळे विणणारे हातही जवळजवळ उरलेले नाहीत.

संध्याकाळी माणसे तीन ठिकाणी जमत : पबमध्ये, चॅपेलमध्ये आणि गावाच्या सभागृहात. पबमध्ये डार्ट आणि डॉमिनो चाले. चॅपेलमध्ये भजने, वार्षिकोत्सव आणि मुलांच्या सहली होत. पबमध्ये जाणारा चॅपेलात जात नसे, आणि एकाच गावात दोन गावे नांदत. चर्चच्या मनोऱ्यात घंटा वाजवणारी मंडळी हा तिसरा पंथ म्हणावा लागेल. इंग्लंडातील घंटावादनात सूर नसतो. घंटांचा क्रम दर आवर्तनाला बदलत न्यायचा आणि एकही क्रम पुन्हा येऊ द्यायचा नाही, असा तो खेळ आहे. सहा घंटांचे 720 क्रम होतात, सात घंटांचे 5,040. शेतावर राबणारी माणसे ही गणिती गुंफण लेखी टिपणाशिवाय तासन्‌तास वाजवत. डोरोथी सेयर्स या लेखिकेची 1934 सालची ‘द नाइन टेलर्स’ ही रहस्यकथा याच घंटांभोवती आणि फेनच्या पुराभोवती रचलेली आहे. तिचे बालपण ब्लंटिशॅमच्या पाद्र्याच्या घरात गेले होते.

स्त्रियांच्या फुरसतीबद्दल जुन्या नोंदी फारशा बोलत नाहीत. पुरुष बर्फावर असताना चूल आणि मुले त्यांच्याकडेच असत. मेरी चेंबरलेन यांनी आयझलम या खेड्यातील स्त्रियांच्या मुलाखती घेऊन 1975 मध्ये ‘फेनविमेन’ हे पुस्तक प्रसिद्ध केले तेव्हा ही उणीव काही अंशी भरून निघाली. शेतातली मजुरी, बाळंतपणे, पाण्याच्या बादल्या यांतून उरलेल्या वेळात चॅपेल आणि महिला मंडळ हेच त्यांचे बाहेरचे जग होते. शिक्षणाधिकारी हेन्‍री मॉरिस यांनी 1924 मध्ये केंब्रिजशायरसाठी ‘ग्राम महाविद्यालया’ची योजना मांडली. दिवसा मुलांची शाळा आणि संध्याकाळी त्याच इमारतीत प्रौढांसाठी वर्ग, वाचनालय, नाटक, नाच, अशी ती कल्पना होती. पहिले महाविद्यालय 1930 मध्ये सॉस्टन येथे उघडले. फेनच्या कडेला असलेल्या इंपिंग्टन येथील 1939 ची इमारत वॉल्टर ग्रोपियस आणि मॅक्सवेल फ्राय यांनी रचली. हेच फ्राय पुढे चंदीगड शहराच्या उभारणीत सहभागी झाले.

दळणवळणाच्या सोयी वाढल्या तशी गावे जवळ यायला हवी होती, पण काही बाबतींत उलटच घडले. मार्च या रेल्वेच्या गावाहून विझबीचला जाणारी प्रवासी गाडी 1968 साली बंद झाली. मोटार नसलेल्या तरुणाला सिनेमाला किंवा कॉलेजला जायचे तर बसच्या वेळांवर विसंबावे लागते. नळ आला, वीज आली, दूरदर्शन आले आणि चॅपेले ओस पडली. कित्येकांची घरे किंवा गुदामे झाली. विझबीचच्या वस्तुसंग्रहालयात डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ या कादंबरीचे मूळ हस्तलिखित आहे, हे परदेशी अभ्यासकाला जितके ठाऊक असते तितके गावातील मुलांना असतेच असे नाही.

पाण्याचा धाक मात्र संपलेला नाही. मार्च 1947 मध्ये साचलेले बर्फ एकदम वितळून आणि त्यात वादळी वाऱ्याची भर पडून बांध फुटले व हजारो एकर शेते बुडाली. 31 जानेवारी 1953 च्या रात्री उत्तर समुद्राची लाट पूर्व किनाऱ्यावर चढली आणि इंग्लंडात तीनशेहून अधिक माणसे मरण पावली. त्यानंतर डेन्व्हर येथे नवे जलद्वार व नवे कालवे बांधून 1964 मध्ये बंदोबस्त पुरा करण्यात आला. दुसरीकडे, शेतीखालचे पीट काही ठिकाणी वर्षाला सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर या गतीने झिजत आहे आणि झिजताना वातावरणात कार्बन सोडत आहे. म्हणून होम फेनच्या परिसरात काही शेते मुद्दाम पुन्हा पाण्याखाली आणली जात आहेत. ज्या घराण्यांनी पाच-सात पिढ्या पाणी उपसण्यात घालवल्या त्यांना हे उमजणे सोपे नाही. शेतकऱ्यांचा आक्षेप असा की, येथले अन्न बंद झाले तर ते दुसऱ्या कोणाच्या जमिनीतून आणावे लागेल, आणि हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही.

वेल्नी गावाचा रस्ता वॉशेस ओलांडून जातो. हिवाळ्यात पूर चढला की तो पाण्याखाली जातो आणि पलीकडे कामाला जाणाऱ्यांना अनेक मैलांचा वळसा पडतो. याच पाण्यावर आइसलंड आणि रशियाच्या उत्तर टोकाकडून हजारो हंस येऊन उतरतात. 1970 पासून तेथे पक्ष्यांचे राखीव क्षेत्र आहे. संध्याकाळी दिव्यांच्या प्रकाशात हंसांना दाणे टाकतात आणि काचेआडच्या उबदार खोलीतून माणसे ते पाहतात. रशियाकडून येणाऱ्या लहान हंसांची संख्या अलीकडे घटली आहे. हिवाळे सौम्य झाल्याने ते वाटेतच, हॉलंड-जर्मनीकडे थांबतात. त्याच कारणाने वॉशेसवर माणसाला पेलेल इतका बर्फही क्वचितच जमतो. फेनच्या स्केटिंग शर्यतींना कोणत्याच वर्षी आधी तारीख ठरवता येत नाही. थंडीची लाट आली की आयोजक काठावर जाऊन बर्फाची जाडी मोजतात. पुरेशी भरली तर निरोप जातात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शर्यत होते.